दातांची पीकची (PEEK) फ्रेम सैल झाली म्हणून हूक आवळून घेऊ नका

खानापूरच्या ताई, तुमची पोस्ट वाचली आणि लॅबमध्ये परत आलेलं एक जुनं काम डोळ्यांसमोर उभं राहिलं. तुमच्या वडिलांच्या खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा गेलेल्या, धातूची चव लागते म्हणून कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूऐवजी पीक (PEEK) या कडक प्लास्टिकची, काढ-घाल करायच्या दातांची फ्रेम केली. तीन महिन्यांत दाताला धरणारे हूक सैल झाले, भाकरी चावताना मागची बाजू दबते, आणि दवाखान्यात म्हणतात, "हूक जरा आवळून देतो." नका आवळून घेऊ. धातूचा हूक पक्कडीनं वाकवला की तिथंच राहतो. पीक मात्र हात सोडला की परत जागेवर येतं. गरम करून वळवायला गेलं तर किती वळलं याचा हाताला अंदाज येत नाही, आणि उरलेली फ्रेमही बसेनाशी होते.

मी लॅबवाला आहे, डॉक्टर नव्हे. तोंड न बघता लिहितोय, तेवढी सूट धरूनच वाचा.

पीक हलकं असतं, एक्स-रेत दिसत नाही, चव लागत नाही, हे तुम्हाला सांगून झालं असेल. आम्हाला सगळ्यात महाग पडलेली चूक वेगळी होती, आणि तुमच्याकडेही बहुधा तीच झाली आहे : धातूसाठी काढलेलं डिझाइन तसंच पीकच्या डिस्कवर मिल करणं, म्हणजे मशीननं त्या चकतीतून कोरून काढणं. मशीन कुरकुर करत नाही. मॉडेलवर फ्रेम इतकी सुरेख बसते की डॉक्टरही खूश. घोळ तोंडात गेल्यावर, चावायला लागल्यावर कळतो.

कारण हिशेबात आहे. कोबाल्ट-क्रोमचा ताठपणा 200 गिगापास्कलच्या वर, साध्या पीकचा 4 च्या आसपास, म्हणजे पन्नासपट फरक. चपट्या पट्टीची जाडी दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपट होतो. त्या हिशेबानं धातूच्या 1 मिलिमीटर पट्टीचं काम पीकला करायचं तर जवळजवळ पावणेचार मिलिमीटर जाडी लागेल. एवढी जाडी जिभेखाली कोण सहन करणार? म्हणून पीकची फ्रेम धातूची नक्कल करून चालत नाही, तिचा आकारच मुळातून वेगळा काढावा लागतो.

हुकाचंही तसंच. धातूचा हूक दाताच्या 0.25 मिलिमीटर अंडरकटमध्ये, म्हणजे फुगवट्याखालच्या खाचेत, शिरला तरी घट्ट धरतो. पीकचा तेवढ्यात नुसता टेकतो. त्याला 0.5 मिलिमीटर अंडरकट हवा आणि हूक दीड मिलिमीटरच्या आसपास जाड हवा. आता एवढा अंडरकट दाताला आहे का, हे माप घेण्याआधी सर्व्हेअरवर, म्हणजे दाताचा फुगवटा मोजायच्या यंत्रावर, बघायचं असतं. नसेल तर डॉक्टरांना दाताला कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण) लावून तो तयार करावा लागतो. रेस्टसाठी, म्हणजे फ्रेमचा जो तुकडा दातावर टेकतो त्यासाठी, दात घासून केलेला खळगाही पीकला धातूपेक्षा खोल लागतो. तो उथळ राहिला की एकतर रेस्ट पातळ होऊन तुटतो, नाहीतर वरचा दात आधी त्यावरच आपटतो.

आणि मागे आधाराला दात नसलेली फ्रेम, म्हणजे वडिलांची केस, ही पीकची सगळ्यात अवघड जागा. फ्रेम लवचीक असली की चावण्याचा भार पुढच्या दातांवर कमी आणि हिरडीवर जास्त पडतो. हिरडीखालचं हाड झिजत जातं, आणि फ्रेम आणखी दबते. माझं मत विचाराल तर अशा तोंडात धातूच बरा. निकेलची ॲलर्जी असेल तर निकेल नसलेला कोबाल्ट-क्रोम मिळतो. मात्र ॲलर्जी खरंच आहे का, ते आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे पॅच टेस्ट करून बघा. नुसती चव लागते म्हणून ताठपणा सोडून देऊ नका. एकदोन दातच गेलेत आणि दोन्हीकडे आधाराला दात आहेत, तिथं पीक छान चालतं.

दाताचा रंग निघाला असंही तुम्ही लिहिलंय. पीकवर पोर्सेलिन भाजता येत नाही, पीक 343 अंश सेल्सिअसलाच वितळतं. वर कॉम्पोझिटच चढवावं लागतं, आणि पीकला काही म्हणता काही चिकटत नाही. 110 मायक्रॉन ॲल्युमिनाच्या भुकटीचा 2 ते 3 बार दाबानं मारा, बोट न लावता लगेच एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट) असलेला प्रायमर, म्हणजे चिकटण्यासाठीचा पहिला थर, तो लॅबच्या दिव्याखाली पुरता घट्ट करायचा, मग कॉम्पोझिट. यातली एक पायरी चुकली की पापुद्रा निघतो. मागच्या गुलाबी ॲक्रिलिकलाही, म्हणजे हिरडीच्या रंगाच्या प्लास्टिकलाही, हेच लागू, शिवाय त्याला धरायला भोकं किंवा जाळी हवी. चहा-तंबाखू असेल तर कॉम्पोझिट डागाळणार, हे निपाणीकडच्यांना वेगळं सांगायला नको.

कुणीतरी खाली "मग पूर्ण पीकचं इम्प्लांटच करा" लिहिलंय. तो नाद सोडा. साध्या पीकवर पाणी पसरत नाही, आणि हाडही त्याला टायटॅनियमसारखं पकडत नाही. इम्प्लांटवर पीक येतं ते तात्पुरत्या अबटमेंटला (स्क्रूवर बसणारा जोड), हीलिंग कॅपला (हिरडी भरेपर्यंतचं झाकण) किंवा वरच्या पट्टीला. हाडातला स्क्रू टायटॅनियमचाच. टायटॅनियमची ॲलर्जी फार क्वचित.

एका पुरवठादाराच्या कार्यालयानं तक्रारीवर आम्हाला महिनाभर एकच उत्तर दिलं : डिस्कचा लॉट नंबर आणा. तो नंबर असलेला स्टिकर डिस्कबरोबर कचऱ्यात गेला होता. बिलावर फक्त "कृत्रिम दात" लिहिलं असेल तर मालाचं नाव, लॉट नंबर आणि मूळ डिझाइन पीकसाठी केलं होतं की धातूसाठी, हे लिहून मागा. कन्नडमध्ये दिलं तरी हरकत नाही, लेखी असलं म्हणजे झालं.

नवं माप सिलिकॉनचंच घ्यायला सांगा. अल्जिनेटचं (पाण्यात कालवायच्या पावडरचं) माप बसनं कोल्हापूरला किंवा बंगळूरला पाठवलं तर वाटेतच सुकून आक्रसतं. त्यात लगेच प्लास्टर ओतावं लागतं. जाताना जुनी फ्रेमही बरोबर न्या. दाबून बसवल्यावर रेस्टखाली फट दिसते का ते डॉक्टरांना बघायला सांगा. फट असेल तर हूक राहू द्या बाजूला, फ्रेम हिरडीवर कशी बसते ते आधी बघा.