परतीच्या गाडीतली मेथी

‘ताई, मी ३८ वर्षांची. बदलापूरला राहते, नोकरी फोर्टला. पावणेपाचला उठते, डबे करून लोकल गाठते. ऑफिसात चार-पाच चहा होतात. परतीच्या गाडीत भाजी निवडते. नवरा माझ्या आधी तासभर घरी पोचतो. झोपायला बारा-साडेबारा होतात, तोवर मोबाईल बघत पडते. परवा लेकाच्या हातून दूध सांडलं, तर त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग रडले. सगळे सांगतात, ध्यान कर, योगा कर. कधी करू?’
– एक आई

अगं, तुझं पत्र वाचून आधी बोटांवर हिशेब केला. साडेबारा ते पावणेपाच, सव्वाचार तास. मोठ्या माणसाला निदान ७ तास झोप लागते. एवढ्याशा झोपेवर रोज लोकलची गर्दी सोसणारी बाई चिडणारच, त्यात तुझ्या स्वभावाचा दोष नाही. ध्यान आणि योग सध्या राहू देत.

रात्रीचा तो मोबाईल तुला का सोडवत नाही, हे मला कळतं. अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ तुझा एकटीचा असतो. तो टाकून दे असं मी म्हणणार नाही, फक्त त्याची जागा बदल. परतीची गाडी तुझी. मालिका बघ, गाणी ऐक, मैत्रिणींशी गप्पा मार, नाहीतर डोळे मिटून बस. मेथीची जुडी तशीच घरी ने. जो तासभर आधी घरी येतो, तो ती निवडेल आणि कुकरही लावेल. हे त्याला रागाच्या भरात सांगू नकोस. रविवारी सकाळी शांतपणे, पण स्पष्ट सांग. ‘मदत कर’ म्हणू नकोस. घर दोघांचं आहे, काम वाटून घ्यायचंय, असं म्हण.

आता चहा. त्यातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी साडेपाचला घेतलेला चहा रात्री अकरालाही अंगात असतो. शेवटचा कप दुपारी दोनच्या आत घे. एकदम सोडलास तर डोकं दुखेल, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी एकेक कमी कर. मोबाईल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव आणि सुरुवातीला साडेदहाला तरी आडवी हो. पहिले काही दिवस लगेच झोप लागणार नाही, तरी मोबाईल उचलू नकोस.

लेकाला जवळ घेऊन ‘माझं चुकलं’ म्हण. मुलांना ते कळतं. संध्याकाळी बेल वाजवण्याआधी दारातच थांबून चार आकडे मोजत श्वास आत घे, सहा मोजत सोड, असं दहा वेळा. श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात. तेवढ्यानेही घरात शिरताना आवाज खाली आलेला असतो.

एक गोष्ट मात्र टाळू नकोस. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घे. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर डॉक्टरांना तेही सांग. या वयात थकवा आणि चिडचिड यांचं मूळ कितीदा तिथेच सापडतं, आणि बायका वर्षानुवर्षं स्वतःलाच बोल लावत राहतात. मन सलग दोन आठवडे उदास राहिलं, कशातच गोडी वाटेना, किंवा कधीही जगणं नकोसं झालं, तर त्याच क्षणी १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लाव. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, मोफत आणि चोवीस तास. मराठीतही बोलता येतं.

पंधरा दिवसांनी मला लिही. झोप किती वाजता लागते आणि मेथी कोण निवडतं, दोन्ही कळव.