गेटपाशी मराठी नको, बाबा

वालेन्सियाहून आलेलं हे पत्र थोडं कापून देते आहे.

‘ताई, मी मूळचा फलटणचा. आयटीत आहे, स्पेनमध्ये सात वर्षं झाली. दोन मुलगे, थोरला आठ वर्षांचा, धाकटा पाच. दोघं आपसात स्पॅनिश बोलतात आणि माझ्याशीही स्पॅनिशच. मी “शूज जागेवर ठेव”, “आवर लवकर”, “ताटातलं संपव” म्हटलं की कळतं सगळं, पण उत्तर मराठीत येत नाही. जानेवारीत एकदा सकाळी शाळेत सोडताना थोरला गेटपाशी हळूच म्हणाला, “बाबा, इथे मराठी नको.” तेही स्पॅनिशमध्ये. मला फार लागलं. त्याच रात्री घरात नियम केला: जेवताना स्पॅनिश शब्द आला की खाऊच्या पैशातले 20 सेंट बरणीत. परवा थोरल्याने जेवायला बसताच एक युरो बरणीत टाकला आणि शाळेतल्या मॅचची अख्खी गोष्ट स्पॅनिशमध्ये सांगितली. मी ताटावरून उठलो. धाकटा तर हल्ली जेवताना बोलतच नाही. परवाच्या 19 मार्चला, म्हणजे इथल्या फादर्स डेला, त्याने शाळेत केलेलं कार्ड दिलं. ते वालेन्सियानोत, म्हणजे इथल्या प्रादेशिक भाषेत होतं, मला फोनवर भाषांतर करून घ्यावं लागलं. आई गावी एकटी असते. रविवारी संध्याकाळी सहाला तिला फोन लावतो. ती म्हणते, “नातवांशी बोलायला मला दुभाषा लागतो.” सगळं गुंडाळून पुण्याला जावं असं वाटतं. बायको म्हणते, तीन वर्षांनी दहा पूर्ण होतील, नागरिकत्वाचा अर्ज करता येईल, रुळलेल्या पोरांना आता उपटू नकोस. बाप म्हणून माझं काय चुकलं?’

अहो बाबा, त्या एक युरोपासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं ते आहे. तुम्हाला तो उद्धटपणा वाटला. मला काय दिसलं सांगू? आठ वर्षांच्या पोराने हिशेब केला, बाबांना सांगण्यासारखं आपल्याकडे पाच शब्दांपेक्षा पुष्कळ जास्त आहे, तेव्हा दंड आधीच भरून टाकावा. स्वतःच्या खाऊचे पैसे मोजून त्याने तुमचे कान विकत घेतले. आणि तुम्ही ताटावरून उठलात! मॅच कोण जिंकलं ते पत्रात लिहिलंच नाहीत. ऐकलं होतंत का शेवटपर्यंत?

आता तुमचं पत्र पुन्हा काढा आणि तुम्ही मुलांशी बोललेली मराठी वाक्यं तेवढी वाचा. शूज ठेव. आवर. संपव. तिन्ही हुकूम. दिवसभराची बाकीची वाक्यं मला माहीत नाहीत, पण पत्र लिहिताना तुम्हाला हीच आठवली. उलट तिथली स्पॅनिश पोरांच्या वाट्याला कशी येते बघा. शाळेतल्या बाई ‘कारिन्यो’, म्हणजे ‘लाडक्या’ म्हणतात, बेकरीतली आजी ‘ग्वापो’, म्हणजे ‘देखण्या’ म्हणून गालाला हात लावते, लिफ्टमधली शेजारीण सरळ ‘मी रेय’ म्हणते, म्हणजे ‘माझ्या राजा’. अख्खा देश पोरांना गोंजारायला बसलाय. स्पेनमध्ये लहान मुलाला घेऊन रात्री दहाला हॉटेलात शिरलं तरी कोणी कपाळाला आठ्या घालत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. तर स्पॅनिश लाडाची आणि मराठी शिस्तीची, अशी वाटणी तुमच्या घरात झाली. त्यावर तुम्ही दंडही मराठीच्याच नावाने लावलात. ‘माझ्या राजा’ आपल्याकडेही आहे की हो. थोरल्याला शेवटचं कधी म्हणालात?

गेटवरचं बोलणं मनाला लावून घेऊ नका, पण त्याची चौकशी मात्र नीट करा. मी बडोद्यात वाढले. घरात मराठी, गल्लीत गुजराती. वडील शाळेच्या दारात येऊन ‘ए चिमणे’ अशी मोठ्याने हाक मारायचे आणि माझ्या मैत्रिणी आठवडाभर मला चिडवायच्या. एके दिवशी मी म्हटलं, तुम्ही कोपऱ्यावर थांबत जा. दुसऱ्या दिवसापासून ते कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्यापाशी लिल्या चिवड्याची पुडी घेऊन उभे राहायला लागले. चिमणे म्हणायचे, पण कोपऱ्यावर. या गोष्टीला पन्नास वर्षं होतील आणि आज मी मराठीत सदर लिहिते. तेव्हा तुम्हीही गेटच्या अलीकडे, वळणावर, त्याला मराठीत निरोप द्या आणि गेटवर नुसता हात करा. ती दहा पावलं त्याची आहेत.

एवढं केल्यावर एखाद्या निवांत वेळी त्याला विचारा, कोणी चिडवतं का? आवाजाची नक्कल करतं का, रंगावरून काही म्हणतं का? उत्तर ‘हो’ असेल तर प्रकरण मराठीचं उरत नाही. मग वर्गशिक्षकांची भेट मागा, ज्यांना तिथे ‘तुतोर’ म्हणतात, आणि काय काय घडलं ते तारखांसकट लिहून न्या. ‘मुलं म्हटल्यावर चालायचंच’ असं म्हणून कोणी वाटेला लावलं तर ऐकून घेऊ नका. उत्तर ‘नाही’ असेल तर पोरगं फक्त आठ वर्षांचं आहे, आणि आठव्या वर्षी प्रत्येकाला स्वतःच्या बापाची थोडी लाज वाटतेच.

तुमच्या पत्रात मला एक गोष्ट दिसली नाही: तुम्ही घरी किती वाजता येता? तिकडच्या ऑफिसात दुपारच्या जेवणाला लांब सुट्टी असते आणि सुटायला सात वाजतात, हे मी इतर पत्रांतूनही वाचलंय. पोरं पाचच्या सुमाराला मेरिएन्दा, म्हणजे संध्याकाळचं खाणं, हातात घेऊन बागेत असतात. त्यांचा दिवसभराचा सगळा माल तिथे उतरतो. तुमच्यापर्यंत येतात ते दमलेले जीव. स्पेनच्या कामगार कायद्यात मुलं बारा वर्षांची होईपर्यंत कामाच्या वेळा जुळवून मागण्याची सोय आहे. तास कमी करूनही मागता येतात, पण त्यात पगार कापला जातो, म्हणून आधी नुसत्या वेळा बदलून मागा. अर्ज लेखीच करा. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मिळाल्या तरी पुष्कळ. पोरांना तूरियाच्या बागेत न्या. 1957 च्या पुरानंतर वालेन्सियाने नदीच शहराबाहेर वळवली आणि कोरड्या पात्रात बाग केली. चालता चालता फलटणच्या बाणगंगेकाठी तुम्ही काय काय उद्योग केलेत ते सांगा. आईला माहीत नसलेलेसुद्धा. ते तर आधी. मराठी शिकवायला म्हणून सांगू नका, चहाडी म्हणून सांगा.

आणि शब्दांचा खेळ करा. तुमच्या दोन्ही भाषांच्या मध्ये पोर्तुगीज बसलेत, त्यांनी फुकटात पूल बांधून ठेवलाय. आपला ‘पगार’ त्यांच्याकडून आला आणि स्पॅनिशमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे देणं. आपला बटाटा, स्पॅनिश ‘पताता’. आपला साबण, स्पॅनिश ‘हाबोन’. हापूस तर अफोन्सोचा अपभ्रंश, म्हणजे स्पॅनिशमधला अल्फोन्सो. वर्गात कोणी अल्फोन्सो असेल तर तुमच्या पोरांच्या हिशेबी तो आजपासून हापूस. थोरल्याचे दात पडत असतील, उशीखाली नाणं ठेवणारा तो पेरेस उंदीर घरी येत असेल. ती गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका पाद्र्याने बालराजासाठी रचली, त्याचा दात पडला म्हणून. आणि राजाचं नाव? तेरावा अल्फोन्सो. म्हणजे तेरावा हापूस! फलटणची आजी यावर सांगेल, आमच्याकडे दात छपरावर फेकतात. मग भांडू द्या की तिघांना, उंदीर बरा की छप्पर.

पण त्यासाठी फोनची वेळ बदला. तुमचे संध्याकाळचे सहा म्हणजे हिवाळ्यात फलटणचे रात्रीचे साडेदहा. म्हातारं माणूस पेंगतंय, पोरांना खेळायला जायचंय, मध्ये तुम्ही ‘आजीला सांग ना, सांग ना’ म्हणून टोचताय. कोण बोलेल? रविवारी सकाळी नऊला लावा. तिकडे दीड, मार्चअखेरीला घड्याळं पुढे गेली की साडेबारा. आईचा स्वयंपाक आटपलेला किंवा आटपत आलेला असतो, फोन ओट्यावर टेकवून ती भाकरी थापताना दाखवू शकते. तुम्ही त्या खोलीत थांबू नका. अडलं की पोरं हातवारे करतील, आजी हसेल, शब्द सापडेल. दुभाषा लागतो असं ती म्हणाली, तो दुभाषा तुम्ही आहात आणि तुम्हीच उठायचं आहे.

परत जाण्याविषयी. मुलांच्या मराठीसाठी म्हणत असाल तर जाऊ नका. पुण्यात त्यांना कुठल्या शाळेत घालाल ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. इंग्रजी माध्यम, व्हॅनमध्ये हिंदी, सोसायटीच्या मैदानावर हिंदी, आणि मराठी पुन्हा ‘शूज ठेव’पुरतीच. आईसाठी जायचं म्हणत असाल तर तो प्रश्न खरा आहे, फक्त पोरांच्या खांद्यावर बंदूक ठेवून तो विचारू नका. ‘मला आईची काळजी वाटते’ हे वाक्य पत्रात कुठेच नाही. ते आधी बायकोला सांगा, नियम, भाषा, संस्कार यातलं काहीही मध्ये न आणता. मग दोघांनी बसून बघा, आई चार-सहा महिने तिकडे येऊ शकते का, की तुमच्यातल्या एकाने मधूनमधून इकडे यायचं. दहा वर्षं पूर्ण होण्याचा बायकोचा हिशेब व्यवहाराचा आहे, पण तिथलं नागरिकत्व घेतलं की भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो आणि पुढे ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डावर यावं लागतं, याचीही दोघांनी मोकळेपणी चर्चा करा.

तोवर सुट्टी आहेच. तिकडची शाळा जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात संपते ती सप्टेंबरातच उघडते. तेव्हा इकडे चुलतभावंडांच्या शाळा सुरू झालेल्या असतात ही अडचण खरी. पण आषाढीची वारी याच दिवसांत असते आणि माउलींची पालखी तुमच्या फलटणला मुक्कामाला येते. वालेन्सियात फायास, म्हणजे तो फटाक्यांचा आणि पुतळे जाळण्याचा उत्सव बघत वाढलेल्या पोरांना गर्दी आणि गोंगाट यांचं भय नसणार. आजीबरोबर रस्त्याच्या कडेला उभं राहून वारकऱ्यांना पाणी देऊ द्या. तिथे त्यांना मराठी बोल म्हणून सांगणारं कोणी लागत नाही.

बरणी आजच बंद करा. साठलेले पैसे घेऊन दोघांना अल्बोरायाला ओर्चाता प्यायला न्या, सोबत फार्तोन्स, म्हणजे लांबुळके गोड पाव बुडवून खायला. ओर्चाता ज्या कंदांपासून करतात ती चुफा आपल्या नागरमोथ्याच्या जातकुळीतली आहे, आईला सांगा, ती म्हणेल, मेलं, उटण्यातलं पितात का कोणी! ऑर्डर पोरांना देऊ द्या, हव्या त्या भाषेत. आणि थोरल्याला ती मॅच पुन्हा सांगायला लावा. तो स्पॅनिशमध्ये सांगेल. तुम्ही मधे मधे मराठीत विचारा, ‘मग? गोलकीपर काय झोपला होता काय?’

ते कार्ड अजून फ्रिजवर असेल ना? आज रात्री धाकट्याला कडेवर घेऊन त्याच्याकडूनच वाचून घ्या. ‘तेस्तिमे, पापा’, म्हणजे ‘माझं तुमच्यावर प्रेम आहे, बाबा’ असं काहीसं असेल. उच्चार तुमचा चुकेल. त्याला सुधारू द्या, दोनदा, तीनदा, त्याचं समाधान होईपर्यंत.