गणित माणसाने बनवलं, की ते आधीपासून होतंच आणि आपल्याला फक्त सापडलं?

तुमच्या प्रश्नातली निम्मी अडचण मराठीचीच आहे. न्यूटनने गुरुत्वाकर्षणाच्या नियमाचा शोध लावला आणि बेलने टेलिफोनचाही शोधच लावला. मी ग्वाल्हेरला हिंदी शाळेत शिकलो. तिथे 'खोज' (सापडणं) आणि 'आविष्कार' (बनवणं) यांतला फरक दोन गुणांना यायचा. घरी येऊन आजीला तो मराठीत समजवायला गेलो की गाडी अडायची, कारण तिच्या लेखी आविष्कार म्हणजे गाण्याबिण्यातला.

आता ग्वाल्हेरच्याच लष्कर भागात गणिताच्या शिकवण्या घेतो. माझं मत असं, की चिन्हं, नावं, सुरुवातीचे नियम हे सगळं आपण ठरवतो. पण एकदा ठरवलं की त्यातून पुढे काय निघेल, यावर आपला काडीचा ताबा नसतो.

आमच्या किल्ल्याच्या चढावर कातळात कोरलेलं चतुर्भुज मंदिर आहे. आतल्या शिलालेखावर संवत ९३३, म्हणजे इ.स. ८७६. देवाला फुलबाग दिली, ती २७० हात लांब आणि १८७ हात रुंद. शिवाय रोज ५० माळा. २७० आणि ५० मधलं शून्य म्हणजे बाजूच्या आकड्यांपेक्षा लहान असं गोल भोक, आजच्यासारखंच. (जगातलं सर्वांत जुनं शून्य म्हणून आम्ही ग्वाल्हेरकर छाती फुगवतो, पण ते खरं नाही. कंबोडियात शके ६०५ चा, म्हणजे इ.स. ६८३ चा लेख आहे, त्यात शून्याच्या जागी ठिपका आहे.) ठिपका द्या, गोल द्या, तिकडे माया लोकांनी शिंपल्यासारखी खूण केली. हे माणसाचं काम, यात वादच नाही.

पण त्याच लेखातला १८७ घ्या. एकदा मी पोरांना १८७ चिंचोके मोजून दिले आणि सारख्या ओळींत मांडा म्हटलं. दोनच्या ओळी जमेनात, तीनच्या नाहीत, सातच्या लावल्या तर पाच उरले. एकाने शेवटी हळूच एक चिंचोका मुठीत लपवला आणि "सर, जमलं!" म्हणून सहा ओळी दाखवल्या, प्रत्येकी ३१. हुशार पोरगं, पण ते १८६ झाले. मूठ उघडायला लावली आणि पुन्हा सगळं विस्कटलं. अकरा ओळी, प्रत्येकी सतरा चिंचोके (किंवा उलट): एकच सलग ओळ सोडली तर १८७ ला दुसरी वाट नाही. २७० चे मात्र असे सात वेगवेगळे आयत होतात. हे पाथरवटाने ठरवलं नव्हतं, बाग देणाऱ्यानेही नाही. आकडे रोमन पद्धतीने लिहिले असते तरी चिंचोके अकरा-सतरातच बसले असते.

म्हणजे 'सापडलं' म्हणणारे जिंकले? तसंही नाही. शून्याने भागायचं काय, हे बघा. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये लिहिलं की शून्याला शून्याने भागलं तर शून्य. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हटलं आणि तिची तुलना अनंत अच्युताशी केली: कितीही जीव त्याच्यात गेले वा त्याच्यातून निघाले तरी तो तसाच. (चतुर्भुज मंदिरातला देवही तोच, विष्णू.) कल्पना सुंदर आहे, पण ३ भागिले ० आणि ५ भागिले ० दोन्ही अनंतच, तर उलट शून्याने गुणून ३ परत आणायचे की ५? म्हणून आज आपण शाळेत ते निरर्थक धरतो. तीन काळांत तीन उत्तरं. डोंगर सापडावा तसं हे सापडलं असतं तर असं झालं नसतं. इथे निवडच करावी लागते, आणि चुकीची निवड केली की बाकीचं गणित तुम्हाला धडा शिकवतं.

समांतर रेषांचंही तसंच. रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला समांतर अशी एकच रेषा काढता येते, हे युक्लिडच्या भूमितीतलं गृहीतक दोन हजार वर्षं लोकांनी सिद्ध करून पाहिलं. मग १८२९ ते १८३२ च्या दरम्यान रशियातला लोबाचेव्स्की आणि हंगेरीचा बोल्याई या दोन गणितज्ञांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, ते सोडून दिलं आणि वेगळी भूमिती छापली. गृहीतक टाकायचं हे त्यांनी ठरवलं. पण त्या भूमितीत त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून कमी भरते, हे दोघांनाही सारखंच का मिळालं, याचं उत्तर मला 'बनवलं' म्हणणाऱ्यांकडून अजून पटेलसं मिळालेलं नाही.

कधी ग्वाल्हेरला आलात तर गाडीने उरवाईच्या बाजूने वर जाऊ नका. ते देऊळ त्या वाटेवर नाही. ग्वाल्हेर दरवाजातून पायी चढा, आणि मोबाइलचा टॉर्च जवळ ठेवा, शून्य फारच लहान आहे.