कर्ज बंड्याच्या पायासाठी की पॉलिसीच्या हप्त्यासाठी?

कांदिवलीच्या एका वाचक भगिनींचा प्रश्न असा आहे. त्यांच्या सात वर्षांच्या लॅब्राडॉरच्या, म्हणजे बंड्याच्या, मागच्या पायाच्या गुडघ्यातील लिगामेंट तुटले असून शस्त्रक्रियेचा खर्च ७० हजार रुपये सांगितला आहे. दीड लाखाची एफडी आहे, परंतु पुढच्या महिन्यात ‘बँकेच्या पाच वर्षांत दुप्पट होणाऱ्या योजने’चा १ लाखाचा तिसरा वार्षिक हप्ता भरायचा असल्याने त्या १ लाखाचे पर्सनल लोन घेण्याच्या विचारात आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी बंड्याचा विमा काढावा का, असेही त्या विचारतात.

ताई, आधी विम्याचे उत्तर देतो: नको. निदान झालेल्या आजाराचा खर्च पाळीव प्राण्यांच्या विम्यात मिळत नाही. आता मूळ गोष्टीकडे वळतो, कारण पत्रासोबत आपण पाठवलेला या ‘दुप्पट’ योजनेचा कागद बँकेच्या ठेवीचा नसून आयुर्विमा पॉलिसीचा आहे. त्यात दहा वर्षे हप्ते, पंधरा वर्षांची मुदत आणि १० लाखांचे विमा संरक्षण असे स्पष्ट छापलेले आहे. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे दरसाल जवळपास पंधरा टक्के. असा खात्रीचा व्याजदर आज कोणतीही बँक देत नाही. अशा पॉलिसींचा परतावा पाच-सहा टक्क्यांच्या आसपास असतो. ज्या अधिकाऱ्याने आपल्या विश्वासावर ही पॉलिसी विकली, त्याचा मला मनापासून राग येतो.

म्हणजेच कर्ज बंड्यासाठी लागत नसून या हप्त्यासाठी लागत आहे. १ लाखाच्या कर्जावर १५ टक्के दराने तीन वर्षांत सुमारे २५ हजार रुपये व्याज जाईल, आणि ते पाच-सहा टक्के मिळवण्यासाठी! हप्ता भरू नका. मात्र घाईने पॉलिसी सरेंडरही करू नका, म्हणजे मुदतीआधी बंद करून पैसे परत घेऊ नका. दोन हप्त्यांनंतर भरलेल्या रकमेच्या किमान ३० टक्के, म्हणजे ६० हजार हाती येतील. ते सात टक्क्यांनी गुंतवले तरी तेरा वर्षांत दीड लाखाच्या आतच राहतात. पॉलिसी पेड-अप केल्यास, म्हणजे पुढचे हप्ते न भरता ती कमी रकमेवर चालू ठेवल्यास, मुदतीअखेर दहापैकी दोन हप्त्यांच्या प्रमाणात २ लाख मिळायला हवेत. दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा आणि फसवून विकल्याची तक्रार बँक व विमा कंपनी या दोघांकडे करा. दाद न मिळाल्यास विमा लोकपालांकडे विनाशुल्क जाता येते.

बंड्यासाठी एफडी मोडा. दंड एखाद्या टक्क्याचा असतो. मात्र ७० हजारांत बहुधा केवळ शस्त्रक्रिया धरलेली आहे, तेव्हा भूल देण्यापूर्वीच्या रक्त व हृदयाच्या तपासण्या, नंतरची औषधे, टाके काढणे, सहा-आठ आठवड्यांनी एक्स-रे आणि फिजिओथेरपी यांचा हिशेब आधीच विचारून घ्या आणि आणखी २५ ते ३० हजार बाजूला ठेवा. आपण लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहता, त्यामुळे बंड्याला उचलून खाली नेण्यासाठी रोज दोन माणसे लागतील. सहा-आठ आठवडे पट्ट्याशिवाय हालचाल नको आणि गुळगुळीत लाद्यांवर चटया हव्यात. वजन कमी करणे हा तर बिनखर्चाचा उपचार आहे, कारण एका पायाचे लिगामेंट तुटलेल्या अनेक कुत्र्यांचे पुढे दुसऱ्या पायाचेही तुटते. पैसे वाचवण्यासाठी घरातली माणसांची वेदनाशामक गोळी त्याला कदापि देऊ नका. आयब्युप्रोफेनसारखे औषध कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. दुसरे मत घ्यायचे असल्यास परळचे बैलघोडा हॉस्पिटल आहे. १८८६पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही त्याच आवारात आहे.

हा सारा खर्च वजा जाता ५० हजार उरतील. हप्त्याचे वाचणारे महिन्याचे सुमारे आठ हजार त्यात टाकत गेलात, तर सहा महिन्यांत पुन्हा १ लाख जमतील.

आणखी एक काम याच आठवड्यात करा. हप्ता बचत खात्यातून आपोआप वळता होण्याची सूचना आपण बँकेला दिलेली आहे. ती लेखी रद्द करून पोच घ्या आणि मगच एफडी मोडा, नाहीतर त्याच खात्यात जमा झालेले शस्त्रक्रियेचे पैसे हप्त्यापोटी निघून जातील.