‘बीपी’मधला ‘आज’ कधीचा?

प्रश्न असा: उत्खननाच्या अहवालात कोळशाच्या नमुन्यापुढे त्याच्या कार्बन-१४ वरून काढलेल्या वयाची ‘३२०० ± ३० बीपी’ (‘बिफोर प्रेझेंट’, म्हणजे आजच्या आधी) अशी नोंद असते. मराठीत ती ‘आजपासून सुमारे ३२०० वर्षांपूर्वी’ अशी लिहिली तर चालेल का?

माझ्या मते नाही. यातले ‘आज’, ‘सुमारे’ आणि ‘वर्षे’ हे तिन्ही शब्द दगा देतात.

बीपीतला ‘आज’ १९५० सालापाशी थांबलेला आहे. सजीव मेल्यावर त्याच्यातलं कार्बन-१४ हे किरणोत्सारी कार्बन ठरावीक गतीने घटत जातं, त्यावरून वय काढतात. पण पुढच्या अणुचाचण्यांनी हवेतलं कार्बन-१४ भलतंच वाढवलं, म्हणून त्याआधीचं साल पक्कं धरलं गेलं. थोडक्यात, हा उलटा मोजत जाणारा शकच आहे!

मग ३२०० मधून १९५० वजा करून इ.स.पू. १२५० लिहायचं? इथेच बरेच जण फसतात. ही पंचांगातली वर्षं नव्हेत. हवेतलं कार्बन-१४ कायम सारखं होतं, असं गृहीत धरून काढलेला हा आकडा आहे. त्यातही अर्धायुष्य, म्हणजे निम्मं कार्बन-१४ घटायला लागणारा काळ, ही पद्धत शोधणाऱ्या विलर्ड लिबींच्या काळातलं, ५५६८ वर्षांचं, वापरतात. पुढे ते ५७३० च्या आसपास असल्याचं कळलं, पण जुन्या-नव्या नोंदी एकमेकींशी ताडता याव्यात म्हणून आकडा बदलला नाही. खरी वर्षं हवी असतील, तर झाडांच्या वाढवलयांसारख्या पुराव्यांवरून बांधलेल्या वक्राशी ही नोंद जुळवावी लागते. सध्या उत्तर गोलार्धासाठी ‘इंटकॅल२०’ हा वक्र वापरतात. त्यावर आपला नमुना इ.स.पू. १५०० ते १४२० च्या आसपास जातो, म्हणजे वजाबाकीपेक्षा जवळजवळ दोनशे वर्षं मागे. या जुळवणीला ‘अंशशोधन’ हा शब्द आहे, पण बोलताना सगळे कॅलिब्रेशनच म्हणतात.

राहिला ‘सुमारे’. ± साठी आपल्याकडे ‘अधिक-उणे’ हा नेमका शब्द असताना तो का टाकायचा? ‘सुमारे’ म्हणजे लिहिणाऱ्याला नक्की ठाऊक नाही. ‘अधिक-उणे ३०’ म्हणजे किती ठाऊक नाही, तेही मोजलेलं आहे.

‘वर्तमानपूर्व’ हा प्रतिशब्द मला फारसा पटत नाही, कारण त्यातला ‘वर्तमान’ही तसाच चकवतो. मूळ नोंद देताना सरळ ‘बीपी’ लिहावं. कॅलिब्रेशन झालेलं असेल तर ‘कॅलिब्रेटेड’ असं स्पष्ट सांगून इ.स.पू. मधला पट्टा द्यावा. आणि प्रयोगशाळेचा नमुना-क्रमांक कृपया गाळू नका. नवा वक्र आला की तीच नोंद शोधून पुन्हा जुळवावी लागते.