दृष्टिहीन व्यक्तीला मोबाइलने बारकोड स्कॅन करून डब्यात काय आहे ते कळू शकतं का?

हो, कळतं, मायक्रोसॉफ्टचं ‘सीइंग एआय’ हे ॲप फोनमध्ये टाका, मोफत आहे आणि डिसेंबर २०२३ पासून अँड्रॉइडवरही मिळतं. बारकोड नेमका कुठे छापलाय हे शोधणं हीच खरी डोकेदुखी. त्यासाठी ॲप बीप-बीप करतं. कोड कॅमेऱ्यासमोर यायला लागला की बीप जलद होतात. फोन वीतभर लांब धरून डबा हळूहळू गोल फिरवायचा, पुडा असेल तर आधी मागची बाजू. (घाई केलीत की हुकलंच.) मात्र बारकोडात असतो नुसता आकडा, भारतात नोंदलेला असेल तर ८९० ने सुरू होणारा, वस्तूचं नाव डेटाबेसमधून येतं. त्यामुळे गृहउद्योगाचं लोणचं बरेचदा सापडत नाही. एक्स्पायरी तर या कोडात नसतेच, ती त्याच ॲपकडून छापील मजकूर वाचून घ्या.