घरचे विहारात येत नाहीत तेव्हा

‘मला या वयात वाट सापडली, पण घरचे सोबत येत नाहीत. त्यांना कसं आणू?’ नागपुरात समुपदेशन करताना हा प्रश्न मला अनेकांकडून ऐकायला मिळतो. कुणी शेगावला नेमाने जायला लागलेलं असतं, कुणी विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आलेलं असतं, कुणी बऱ्याच वर्षांनी पुन्हा चर्चमध्ये जाऊ लागलेलं असतं. तळमळ सगळ्यांची खरी असते, आणि बऱ्याच घरांत तिचं भांडण झालेलं असतं.

एका कुटुंबाची गोष्ट सांगते. त्यांनी परवानगी दिली आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. बालपण इंदोऱ्यातलं. वडील एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला दीक्षाभूमीवर पांढरे कपडे घालून जे लाखो लोक जमले, त्यांत वडीलही होते. पुढे या गृहस्थांना बँकेत नोकरी लागली, पुण्याला बदली झाली आणि तिथेच तीसेक वर्षं गेली. निवृत्तीनंतर नवरा-बायको नागपूरला परतले, मनीषनगरकडे फ्लॅट घेतला. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, जवळच्या बुद्धविहारात रोज ग्रंथवाचन असे, तिथे ते एकदा सहज जाऊन बसले आणि मग रोज जाऊ लागले. ‘मॅडम, मला लहानपणचं सगळं परत मिळालं,’ हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता.

तक्रार अशी की बायको विहारात येत नाही. मुलगा घरून काम करतो, सकाळी स्पीकरवर बुद्धवंदना लावली की दार लावून घेतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ते त्याला रोज दहा-बारा मेसेज पाठवत, त्याने ते बघणंच सोडलं. ‘त्यांना धम्माची गोडीच नाही,’ असं त्यांचं निदान होतं.

मी विचारलं, ‘नाही म्हणताना ते नेमकं काय म्हणतात?’ आपण काय काय सांगितलं ते त्यांना सगळं आठवत होतं. समोरून काय उत्तर आलं, ते मात्र सांगता येईना. म्हणून पुढच्या वेळी मी दोघांनाही बोलावलं.

त्यांच्या पत्नी यवतमाळकडच्या, माहेरी सकाळ-संध्याकाळ वंदना. त्या म्हणाल्या, ‘लग्न होऊन पुण्याला गेले तेव्हा बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो मी हॉलमध्ये लावला होता. ऑफिसची माणसं येतात म्हणून यांनी तो आतल्या खोलीत न्यायला लावला. मग माळ्यावर गेला. आता म्हणतात, हॉलमध्ये लाव. तेव्हा माझ्या मनाने काढला नव्हता. आता लावीन तर माझ्या मनाने लावीन.’

मुलगा जरा थांबून बोलला. ‘शाळेत कुणी आडनावावरून काही विचारलं तर विषय बदलायचा, हे मला बाबांनीच शिकवलं. कॉलेजात मित्र जयंतीच्या मिरवणुकीला चल म्हणाले, तेव्हा बाबा म्हणाले, तुला काय गरज? आता तेच म्हणतात की मला समाजाची ओळख नाही.’

घरात श्रद्धेचा अभाव नव्हताच. बायको कधी धम्मापासून दूर गेली नव्हती आणि मुलाला तो कुणी जवळ येऊ दिला नव्हता. नवऱ्याला जे नकार वाटत होते, ती जुनी दुखणी होती.

आणि त्यांनी ते सगळं का लपवलं, हेही मला ऐकायचं होतं. पुण्यात भाड्याचं घर शोधताना आडनाव सांगितलं की ‘कळवतो’ म्हणणारे घरमालक त्यांना भेटले होते. बढती मिळाली तेव्हा ‘तुमचं काय, कोट्यातून’ हे हसत हसत बोललेलं ऐकून घेतलं होतं. एवढं सोसलेल्या माणसाने ओळख झाकून ठेवली तर त्याला भ्याड म्हणायची माझी मुळीच तयारी नाही. पण यातलं एक अक्षरही त्यांनी मुलाला सांगितलं नव्हतं. मुलाला फक्त ‘विषय बदल’ एवढं मिळालं, त्यामागचं कारण नाही.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं, ‘काका, तुमच्या घाईतला निम्मा भाग धम्माचा आहे. उरलेला निम्मा अपराधीपणाचा आहे. गेलेली वर्षं तुम्ही मुलाकडून भरून घ्यायला निघालात.’ ते खूप वेळ गप्प होते.

मग मी विचारलं, हिंदू म्हणून मरणार नाही ही बाबासाहेबांची येवल्याची घोषणा कधीची? तारीख त्यांना तोंडपाठ होती. 13 ऑक्टोबर 1935. दीक्षा 1956 ला. मध्ये 21 वर्षं. एवढ्या काळात बाबासाहेबांनी वाचन केलं, धर्म तपासले, लोकांशी बोलले, मगच पाऊल उचललं. ‘आणि मुलाला मी सहा महिने दिले,’ ते स्वतःच म्हणाले. कुणी सांगितलं म्हणून, परंपरेने आलं म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखा, हे बुद्धाने कालाम लोकांना सांगितलेलं वचन मुलाला पाठवलेल्या मेसेजमध्येही होतं. तेही त्यांना त्याच बैठकीत आठवलं.

आम्ही ठरवलं ते साधं होतं. मेसेज बंद. वंदना मात्र बंद करायची नाही, आपल्या खोलीत, हळू आवाजात करायची. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. घरच्यांवर दबाव नको म्हणून माणसाने पुन्हा स्वतःला झाकून घेऊ नये. आपण उघडपणे जगावं, दुसऱ्याला ओढू नये. आणि मुलाला एकदा बसून फोटो माळ्यावर का गेला ते सांगायचं, शेवटी काहीही न मागता. हे बोलणं आम्ही माझ्या खोलीत आधी करून पाहिलं. दर वेळी ते ‘म्हणून आता तू...’पर्यंत येत आणि मी त्यांना तिथेच थांबवत असे. ती सवय सुटायला वेळ लागला.

मुलाने ऐकून घेतलं आणि तो चिडला. मला ते चांगलंच वाटलं, कारण त्याआधी तो नुसता दार लावून घेत होता. घरमालकांवर चिडला, वडिलांवरही चिडला. मग म्हणाला, ‘आजोबांबद्दल तरी सांगायचं होतं.’ आजोबांच्या आठवणी सांगू शकतील असे लोक इंदोऱ्यातच होते, म्हणजे गृहस्थांचे बालमित्र. त्यांना हे परतल्यापासून एकदाही भेटले नव्हते. ‘कोणत्या तोंडाने जाऊ?’

विहाराच्या रंगकामासाठी मोठी देणगी द्यायची आणि त्या निमित्ताने सगळ्यांना जेवायला बोलवायचं, असा त्यांचा बेत होता. मी म्हटलं, पैसे नंतर. आधी फोन करा, जयभीम म्हणा, नाव सांगा आणि जे राहून गेलं ते नेमकं सांगा. एका मित्राचे वडील गेले तेव्हा यांना निरोप मिळूनही हे आले नव्हते. पुण्यात असताना तोच मित्र ऑफिसच्या वेळेत फोनवर ‘जयभीम’ म्हणाला की हे ‘नमस्कार’ म्हणून लवकर ठेवत. पुढे त्याने फोन करणंच सोडलं.

त्यांनी फोन केला. मित्र म्हणाला, ‘इतके वर्ष कुठी होता बे तू? बाबा गेले तवा वाट पायली तुयी.’ यांनी कारणं दिली नाहीत, ‘चुकलं माझं,’ एवढंच म्हणाले. दुसरीकडून थोडी शिवीगाळ झाली. मग प्रश्न आला, ‘पोट्टा कसा हाय?’ पुढच्या रविवारी कमाल चौकात तर्रीपोहे खाताना दोघं भेटले.

नंतरच्या भेटीला मुलगाही गेला. विहारासाठी नाही, आजोबांसाठी. मिलमधून आल्यावर आजोबा वस्तीतल्या पोरांना दिव्याखाली बसवून अभ्यास घ्यायचे, हे त्याला तिथे कळलं. त्या पोरांत हा मित्रही होता आणि त्याचे वडीलही मिलमध्येच होते. पुढे मुलगा वर्षावासात एक दिवस ग्रंथवाचनाला जाऊन बसला, दोन प्रश्न विचारले आणि घरी आला. पुन्हा गेलेला नाही. पुन्हा चल, असं वडिलांनी म्हटलेलं नाही. त्याच्या प्रश्नांची उत्तरं त्यांना आली नव्हती, ती ते शोधत आहेत. फोटो कुठे आणि कधी लावायचा ते त्यांच्या पत्नीने ठरवलं. त्या विहारात जातात, पण आपल्या महिला मंडळासोबत, दुसऱ्या विहारात. गृहस्थांना हे सुरुवातीला खुपलं. आता चालतं.

दुसऱ्या एका मित्राने फोन उचललाच नाही. घरी जाऊन उभं राहू का, असं ते मला विचारत होते. मी नको म्हटलं. तुम्ही काय चुकलात ते एका मेसेजमध्ये लिहा, नंबर द्या आणि थांबा. ज्याला दुखावलं, वेळ त्याने ठरवायची. भेटायचं नाही असं त्याने ठरवलं तरी तो त्याचा हक्क आहे. त्यांनी चार ओळी लिहून पाठवल्या. देणगीचा विषय त्यात नव्हता.